धावपट्टीवर माणसं-गुरं येतात? तार ओढायच्या आधी वही-पेन घ्या

गेली नऊ वर्षं मी खान्देशातल्या एका लहान धावपट्टीवर ग्राउंडचं काम बघतोय. पगारपत्रकावर सुपरवायझर लिहिलंय, खरं म्हणाल तर अर्धा वॉचमन, अर्धा गुराखी आणि उरलेला वेळ भांडणं मिटवणारा. जळगावची गोष्ट वेगळी, तिथे २०१२ ला नवीन विमानतळ झालं, २०१७ च्या डिसेंबरात उडान योजनेतून मुंबईचं विमान सुरू झालं, मग बंदोबस्त आपोआप आला. पण धुळ्याजवळचं गोंदूर किंवा शिरपूरकडची पट्टी अशा जागा, जिथे ट्रेनिंगची दोन-चार सीटची विमानं उडतात आणि कुंपणापलीकडे लगेच कुणाचा तरी कापूस उभा असतो, तिथे रोजचा प्रश्न हाच की आत येणाऱ्याला थांबवायचं कसं आणि गावाशी दुश्मनी पण नाही करायची. आमच्यासारख्या ठिकाणी नवीन लागलेल्या पोरांसाठी लिहितोय, सरपंच-पोलीस पाटलांनीही वाचलं तर बरंच.

पहिला आठवडा काहीच करू नका. खरंच. तार नको, बोर्ड नको, शिट्टी नको. एक शंभर पानी वही घ्या आणि सकाळी साडेपाचपासून कुंपणाच्या कडेकडेने फिरा. कोण आलं, किती वाजता, कुठल्या फटीतून, हातात काय होतं, परत कधी गेलं, एवढंच लिहायचं. आठ दिवसात तुमच्या लक्षात येईल की "लोक घुसतात" असं काही नसतं. दूध घालायला जाणारे दोघं असतात, चाऱ्याचा भारा घेऊन येणाऱ्या चार बाया असतात, पोलीस भरतीची पोरं असतात, एक म्हातारे आबा असतात ज्यांच्या बारा शेळ्या आहेत, पहाटे टमरेल घेऊन येणारे असतात, आणि रविवारी फोटो काढणारे. प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि सगळ्यांना एकच तार लावली की ती तुटणार.

मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. दक्षिणेच्या बाजूला काटेरी तार तुटलेली, कॉन्ट्रॅक्टरला बोलावून नवीन ओढली, आठव्या दिवशी त्याच जागी तुटली. परत ओढली, परत तुटली. तिसऱ्यांदा मी चिडून गेलो आणि नीट बघितलं तर तारेची तोडलेली टोकं मागे वळवून त्यांच्यावर जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळलेल्या होत्या, गाठी मारून. नासधूस करणारा माणूस हे करत नाही राव, येणाऱ्या-जाणाऱ्या बाईचा पदर फाटू नये म्हणून कुणीतरी बसून केलेलं काम होतं ते. मग तिथेच थांबलो तर शेळीवाले आबा आले, मी आवाज चढवला, ते शांतपणे म्हणाले, "आमनं वावर तठे शे भाऊ, जाऊत कथाईन?" बरोबर होतं त्यांचं. पट्टीच्या पलीकडे त्यांचं वावर, विहीर, आणि एक मारुती. बाहेरून वळसा घालून गेलं तर तीन किलोमीटरच्या वर, डोक्यावर भारा घेऊन.

तर जिथे तार एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटते तिथे वाट आहे असं समजा, आणि आधी वाटेचं बघा. हे काम कंटाळवाणं आहे पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जरा सविस्तर सांगतो. तलाठ्याकडून गाव नकाशा काढा आणि त्यात शिवरस्ता, पाणंद, गाडरस्ता काय दाखवलंय ते बघा. हद्दीची खात्री नसेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, कारण बऱ्याचदा आपलं कुंपणच चुकीच्या जागी असतं आणि आपण दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून त्यालाच दम देत असतो. नकाशातला रस्ता तुमच्या कुंपणाने अडला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली शेतकरी तहसीलदारांकडे जाऊ शकतो, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आणि जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३ आहे, त्यात वावराला जायला बांधावरून रस्ता मागता येतो. हे त्याला कळायच्या आधी तुम्हाला माहीत पाहिजे. धमकीसाठी नाही, उलट तुम्हीच त्याला बरोबर घेऊन तहसीलमध्ये जा आणि सांगा की पट्टीवरून नको, कुंपणाच्या बाहेरून देऊया.

आम्ही तेच केलं. कुंपण आमच्याच हद्दीत बारा फूट आत घेतलं, बाहेर मुरूम टाकून बैलगाडी जाईल एवढा रस्ता सोडला, पट्टीच्या दोन्ही टोकांपासून लांब ठेवून. टोकाला लागून रस्ता कधी देऊ नका, उतरणारं विमान तिथे सगळ्यात खाली असतं आणि चाऱ्याने भरलेली ट्रॉली किती उंच होते ते तुम्हाला माहितीये. जागा आत घ्यायची परवानगी मिळायला सात महिने गेले, मधे दोनदा फाईल हरवली. पण त्यानंतर त्या बाजूची तार एकदाही तुटली नाही. एका ठिकाणी मारुतीला जायला फट ठेवली, ती नागमोडी, म्हणजे माणूस वळून वळून जातो पण गाय जात नाही आणि मोटरसायकल तर नाहीच. ती फट पट्टीकडे उघडत नाही, कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर उघडते, हे मुद्दाम सांगतो कारण एका भावाने आमचं बघून त्याच्याकडच्या पट्टीवर केली आणि उलटी केली.

आता लोकांना समजावायचं कसं. "विमान येईल, धोका आहे" हे सांगून काही होत नाही, कारण त्यांनी शंभर वेळा पट्टी ओलांडलीये आणि काही झालेलं नाही. हिशोब सांगा. ट्रेनिंगचं छोटं विमान उतरताना साधारण ६० नॉटने येतं, म्हणजे ताशी ११० किलोमीटर, सेकंदाला तीस मीटर. पट्टी तीस मीटर रुंद धरा. म्हैस रमतगमत जाते, तिला ओलांडायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात विमान जवळजवळ एक किलोमीटर आलेलं असतं. म्हणजे तुम्ही पाय टाकला तेव्हा विमान इतकं लांब होतं की लक्षात पण येत नाही. आणि आवाजावर भरवसा ठेवू नका, उतरताना पायलट इंजिन कमी करतो, वारा उलटा असला तर ते अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. हे मी ग्रामसभेत एकदा पट्टीची लांबी पायाने मोजून दाखवलं तेव्हा लोक गप्प झाले.

म्हशीचं उदाहरण हवेतलं नाही. २०१४ च्या ६ नोव्हेंबरला सुरतला, आपल्या शेजारीच, बोईंग ७३७ उड्डाणासाठी पळत असताना म्हशीला धडकलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात जबलपूरला उतरताना रानडुकरं आडवी आली. ती मोठी विमानं होती, मोठी विमानतळं होती. आपल्याकडच्या दोन सीटच्या विमानासमोर शेळी आली तरी पुरे.

विमानाच्या पुढच्या पंख्याचं वेगळं सांगा, खास करून शाळेच्या पोरांना. चालू पंखा दिसत नाही, मिनिटाला दोन हजारांच्या वर फेरे असतात, हवा थरथरल्यासारखी वाटते बस. आणि बंद पंख्याला पण हात लावायचा नाही, कारण मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची, वायर नीट अर्थिंगला जोडलेली नसेल तर हाताने थोडा फिरवला तरी इंजिन उचल खाऊ शकतं. हे ऐकून आमच्याकडचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, जुन्या राजदूतची किक उलटी बसायची तसंच ना. तसंच, पण इथे पायाऐवजी मान जाते.

वेळेचं एक लक्षात घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, दुपारी हवा विरळ होते, विमानाला पळायला जास्त लांबी लागते, पोरं शिकाऊ, म्हणून फ्लाईंग पहाटे आणि संध्याकाळी. आणि गुरं सोडायची वेळ कोणती? तीच. फिरायला जायची, भरतीच्या रनिंगची, परसाकडची, सगळ्यांची वेळ तीच. म्हणून रोजच्या फ्लाईंगची वेळ आदल्या संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची, आणि ज्याच्याकडे फोन नाही त्याच्यासाठी कुंपणाच्या दोन कोपऱ्यांवर लाल झेंडा. झेंडा वर म्हणजे आज फ्लाईंग. पण हे पण सांगून ठेवायचं की झेंडा नाही म्हणजे पट्टी मोकळी असं नाही, कधी कधी न सांगता विमान येतं, एखाद्याला अडचण आली तर तो विचारून थोडीच उतरणार आहे.

पोलीस भरतीची पोरं हा माझा आवडता आणि सगळ्यात डोकेदुखीचा विषय. त्यांची चूक काय? मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, तालुक्यात धड मैदान नाही, रस्त्यावर ट्रक, आणि इथे समोर सपाट, सरळ, मोजलेलं डांबर. मी पण पळालो असतो. एकदा एक पोरगा कानात इअरफोन घालून पळत होता, पाठ विमानाकडे, वरून पायलटने बघितलं आणि विमान परत वर उचललं, त्या पोराला कळलं कधी तर डोक्यावरून सावली गेली तेव्हा. जागेवर बसला तो, उठेचना. त्याला पाणी पाजलं, मी ओरडलो नाही, ओरडायची गरजच नव्हती.

त्यांच्यासाठी उपाय एकच, दुसरी जागा. आम्ही ग्रामपंचायतीला धरून गावठाणाच्या पडीक जागेवर दोनशे मीटरचा मातीचा ट्रॅक करून घेतला, रोलर आमचा, डिझेल पंचायतीचं, चुना पोरांनी आणला. आठ फेऱ्या म्हणजे १६०० झाले. पट्टीवर पोरं येणं जवळपास बंद. आणि त्यातलीच दोघं आता होमगार्डमध्ये आहेत, गरज पडली की फोनवर येतात. बाहेरच्या गावाची नवीन पोरं आली की ट्रॅकवरची पोरंच त्यांना सांगतात, माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकलं जातं.

गुरांचं. कोंडवाड्याचा कायदा १८७१ पासून आहे, गुरं धरून कोंडवाड्यात घालता येतात, दंड भरून मालक सोडवतो. मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा पुढच्या आठवड्यात कुंपणाचे खांब गायब. आता करत नाही, अगदीच मोकाट सोडलेली आणि मालक दाद देत नसेल तरच. त्याऐवजी गवताचा विचार करा. पावसाळ्यानंतर पट्टीच्या दोन्ही बाजूला कंबरभर गवत उभं राहतं, ते तसंही कापावंच लागतं, कारण उंच गवतात ससे, कुत्री, टिटव्या, सगळं लपतं. ते गवत ज्यांची गुरं आत येतात त्यांनाच द्या, कापून न्यायच्या अटीवर. पास बनवा, नाव, फोटो, वेळ फ्लाईंग नसतानाची, आणि कापताना आपला एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा. चरायला नाही, फक्त कापून. पहिल्या वर्षी लोकांना वाटलं यात काहीतरी डाव आहे. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आधीच नाव लिहायला रांग.

धान्य वाळत घालणाऱ्यांना मात्र अजिबात सूट देऊ नका. मका, ज्वारी डांबरावर पसरली की पाखरं येतात, पाखरामागे घार येते, आणि धान्यात खडा असतो तो पंख्यात जातो. मेलेलं जनावर कुंपणाशेजारी टाकणं हे त्याहून वाईट. विमान नियम १९३७ मधल्या नियम ९१ नुसार विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत जनावरं कापून सोलणं, घाण-कचरा टाकणं यावर बंदी आहे, ग्रामपंचायतीला याचं पत्र लेखी द्या आणि पोच घ्या. पत्राबरोबर खड्डा खणायला जेसीबीचा एक तास द्या, नुसत्या पत्राने काही होत नाही.

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर येत असतील तर काही हुशार लोक तारेत घरचा करंट सोडायला सांगतील. नको. कुणीतरी माणूस मरतो आणि तुम्ही जेलात. सोलरची झटका मशीन लावा, शेतकरी वापरतात तीच, आणि रोही आत अडकला तर वनविभागाला फोन. त्याच्या मागे गाडी पळवू नका, तो पट्टीवरच पळतो.

याच्यावरून आठवलं, प्रत्यक्ष विमान फिरतंय आणि पट्टीवर कुणीतरी आहे, तेव्हा काय करायचं. आधी रेडिओ, मग पाय. पायलटला सांगा पट्टी मोकळी नाही, तो वरच फिरेल, त्याच्याकडे पेट्रोल असतं, घाई तुम्हाला वाटते, त्याला नाही. रेडिओ नसेल तर लाल झेंडा हलवत पट्टीच्या कडेला उभे राहा, मधे नाही. गुरं असतील तर हॉर्न वाजवू नका, ती बिथरून आडवी पळतात. ज्या बाजूने आली त्याच बाजूला हळूहळू वळवा, पुढची एक वळली की बाकीची येतात. माणूस असेल तर ओरडून बोलवू नका, तो तुमच्याकडे यायला पट्टी ओलांडतो, झालंय असं. हाताने खूण करा, बस खाली, किंवा तिकडेच जा. सगळं बाहेर गेल्यावर एकदा गाडीने पूर्ण पट्टी फिरून या, चप्पल, बाटली, विळा, काहीतरी पडलेलं असतंच. मगच मोकळी म्हणून सांगा.

बोर्डबद्दल थोडं. "प्रवेश निषिद्ध, उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल" हे इतक्या ठिकाणी लिहिलेलं असतं की डोळा त्यावर थांबतच नाही. आम्ही आबांनाच विचारून एक बोर्ड लिहिला, "थांब रे भो, इमान उतरी ऱ्हायनं", खाली विमानाचं चित्र आणि खाली मोठ्या आकड्यात फोन नंबर. लोक हसले, फोटो काढले, पण वाचला. साहेबांनी विचारलं हे काय, मी म्हटलं सरकारी बोर्ड पण आहे बाजूला, तो तुमच्यासाठी.

पोलिसांकडे कधी जायचं? भारतीय न्याय संहितेत कलम ३२९ आहे, अनधिकार प्रवेशाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यात हेतू लागतो, वावरात जाणाऱ्या म्हातारीवर ते बसत नाही आणि बसवायला जाऊ पण नका, ठाण्यातले साहेबच तुम्हाला वेड्यात काढतील. ते ठेवा रात्री पट्टीवर कार पळवणाऱ्यांसाठी, दारू पिऊन बाटल्या फोडणाऱ्यांसाठी, लाईटची केबल चोरणाऱ्यांसाठी, सांगूनही बाहेर न जाता दमदाटी करणाऱ्यांसाठी. हिवाळ्यात भरीत पार्टीवाले येतात, त्यांना मी आधी प्रेमाने सांगतो, वांगी भाजायला आग पेटवली की मग ११२. आणि प्रत्येक वेळी वहीत तारीख, वेळ, गाडी नंबर, फोटो. पहिल्या दिवशी घेतलेली ती वहीच शेवटी ठाण्यात कामाला येते.

प्री-वेडिंगवाले आणि रीलवाले यांच्यावर फार लिहीत नाही, त्यांना गेटवर बोलवा, फ्लाईंग नसताना, वरिष्ठांची लेखी परवानगी असेल तर बाहेरच्या बाजूने विमान मागे दिसेल असा फोटो काढू द्या, बहुतेकांना तेवढंच हवं असतं. ड्रोन मात्र नाही म्हणजे नाही. चालू विमानतळाच्या आजूबाजूला रेड झोन असतो, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवायला बंदी, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांना पण हे माहीत नसतं, तालुक्यातल्या चार-पाच स्टुडिओत जाऊन एकदा स्वतः सांगून या.

वर्षातून एकदा गेट उघडा. १५ ऑगस्टला गावची शाळा आत आणतो आम्ही, पांढऱ्या चुन्याची रेघ मारतो, रेघेच्या आत पोरं, बाहेर बंद विमान, चाव्या माझ्या खिशात. ज्या पोराने एकदा नीट जवळून बघितलं तो कुंपणावरून उडी मारून बघायला येत नाही, निदान कमी येतो.

गावाशी संबंध का ठेवायचे याचं अजून एक कारण आहे. २०२१ च्या जुलैत चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या डोंगरात ट्रेनिंगचं विमान पडलं, इन्स्ट्रक्टर गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. तिथे आधी पोचले ते आदिवासी गावकरी, त्यांनी साडीची झोळी करून तिला डोंगरातून खाली आणलं. तर ज्या लोकांना आपण वर्षभर हाकलतो तेच त्या दिवशी आधी पोचणार आहेत, म्हणून त्यांना चार गोष्टी आधीच शिकवून ठेवा. ११२ ला फोन, बिडी-काडी लांब, पेट्रोल सांडलेलं असतं. पंख्याच्या समोरून जायचं नाही. माणूस काढा, तुकडे हलवू नका, चौकशीवाले येतात त्यांना सगळं पडल्या जागी लागतं. आणि व्हिडिओ काढणाऱ्यांना मागे ठेवायला दोन दांडगी पोरं, हे काम भरतीवाली पोरं मस्त करतात.

बोर्डवरचा फोन नंबर दर वर्षी रंगवा, खान्देशातल्या उन्हात दोन उन्हाळे पण टिकत नाही रंग. मागच्या श्रावणात सकाळी सहाला त्या नंबरवर फोन आला, शेळीवाल्या आबांच्या नातवाचा, "काका, पूर्वेकडची तार रोह्यांनी पाडली, तीन आत आहेत, आजोबा झेंडा घेऊन कोपऱ्यावर उभे आहेत, तुम्ही या". पहिलं फ्लाईंग साडेसहाचं होतं. रेडिओवर सांगितलं, विमान थांबवलं, आणि मी गाडी काढली.